देव बुडेपर्यंत टँकर

९ मार्च १९८३, अहमदपूर

आजपासून वर्गाला सुट्टी. पगार शाळेकडूनच मिळणार, पण काम दंतकथा गोळा करायचं. लातूर जिल्हा होऊन येत्या ऑगस्टात वर्ष होईल, त्याची एक स्मरणिका निघणार आहे. जिल्हा नवा असला तरी त्याला जुन्या गोष्टी हव्यात, नाहीतर शेजारचे जिल्हे कालचं पोर म्हणतील. अहमदपूर आणि उदगीर हे दोन तालुके माझ्या गळ्यात पडले आहेत.

स्मरणिका समितीचे सचिव बिरादार साहेब यांना मी स्पष्ट सांगितलं की मी बौद्ध आहे, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, देवळाची पायरी आजवर चढलेलो नाही. देवादिकांच्या गोष्टी लिहायला दुसरा कोणी बघा. साहेब म्हणाले, म्हणूनच तर तुम्हाला नेमलं, तुम्ही कुठल्या देवाची बाजू घेणार नाही. वर अक्षराचीही स्तुती केली. अक्षर माझं चांगलंच आहे, त्यामुळे वाद तिथंच संपला.

माझ्या बायकोला, तारामतीला, हे अजिबात पटलेलं नाही. ती म्हणते, रामकिशन वाघमारे, तुमच्या नावात दोन देव आधीच आहेत, आता आणखी कशाला गोळा करता? नाव वडिलांनी छप्पनच्या आधी ठेवलं, त्याला मी काय करणार. गोष्टी देवळाबाहेर बसूनच ऐकायच्या, असं ठरवून टाकलं.

१५ मार्च

पहिली दंतकथा मिळाली. एका गावच्या टेकडीवर मोठी धोंड आहे, ती दर साली तिळाएवढी सरकते. पूर्वी ती उस्मानाबादकडे सरकायची, आता लातूरकडे. दिशा कधी बदलली म्हणून विचारलं, तर जिल्हा झाला त्याच दिवशी. धोंडीला कळलं कसं? तलाठ्यानं दवंडी दिली होती.

खोलीवर येऊन नकाशा पाहिला तर उस्मानाबाद आणि लातूर इथून एकाच दिशेला. म्हणजे नव्या जिल्ह्यामुळे धोंडीचं जाणं तेवढं जवळ आलं. हे मी गोष्टीच्या शेवटी जोडलं. साहेबांना फार आवडलं.

२२ मार्च, उदगीरच्या पुढं

सीमेवरचं गाव, इथं येऊन चार दिवस झाले. बोलताना मराठीत कानडी, कानडीत तेलुगू. इथली एक नवरी हळदीच्या अंगानं मांडवातून पळाली, ती दर अवसेला अजून पळते आहे. गाव ओलांडते, माळ ओलांडते, ओढा ओलांडते आणि देगलूरच्या बाजाराजवळ गुप्त होते. सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला होता. खरं सांगायचं तर थोडासा माझ्याही.

साहेबांनी गोष्ट परत पाठवली. देगलूर नांदेड जिल्ह्यात येतं, ओढ्याच्या पलीकडचं आपण छापू शकत नाही. बाईला हद्दीपर्यंत आणा, पुढचं नांदेडवाले बघून घेतील. तशी दुरुस्ती केली. आता आमच्या स्मरणिकेत ती नवरी ओढ्याच्या अलीकडे एक पाय उचलून उभी आहे. मला तिची कीव आली.

२९ मार्च

आजची गोष्ट निजामाच्या काळातली. सारा वसूल करायला अधिकारी आला की एका गावात कोणीतरी मेल्याचं सोंग करत. गाव सुतकात म्हटल्यावर अधिकारी मागं फिरे. एकदा मात्र हळव्या मनाचा अधिकारी आला. तो म्हणाला, मी तेराव्यापर्यंत थांबतो. मेलेल्या माणसाला धान्याच्या पेवात लपवून ठेवलं. अधिकारी रोज रडायचा आणि रोज जेवायचा. तो गेल्यावर माणूस वर आला, पण मेल्याची नोंद झालेली. मग तो उरलेला जन्म स्वतःचा धाकटा भाऊ म्हणून जगला. त्याचा नातू मला भेटला. आजोबाला आजोबा म्हणावं की चुलत आजोबा, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या काळचे अधिकारी किती भोळे. समोर बसून डोळ्यात धूळ फेकली तरी कळत नसे. आता तसं कोणी फसणार नाही.

३ एप्रिल, उमाटवाडी

काय हे गाव. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून चालत येईपर्यंत जीभ टाळूला चिकटली. गावातल्या विहिरी खडखडीत. सगळ्या गावात पाणी फक्त आमच्या बौद्ध वस्तीतल्या आडाला, तेही दिवसाकाठी हंडा-दोन हंडे, तळाशी वाटीनं खरडून काढायचं. देऊळ आणि पाटलाची आळी वर, आमची वस्ती खाली उताराला. वरच्यांचं सांडपाणी खालच्यांनी सोसायचं हा नियम गावोगाव सारखाच.

इथं टँकर का येत नाही, तर जिल्हा नवा. जुन्या जिल्ह्याच्या टंचाई यादीतून गाव निघालं, नव्या यादीत अजून चढलं नाही. सरपंच दोन्हीकडे जाऊन आले. एका कचेरीनं सांगितलं तुम्ही आमचे नाही. दुसरीनं सांगितलं, तुम्ही आमचेच, पण कागद येऊ द्या.

मी धुरपताबाईंकडे उतरलो. वस्तीत सगळे त्यांना धुरपतामाय म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. मुलगा पुण्याकडे बांधकामावर, घरात सून सिंधू, सातवा महिना. पाडव्यापर्यंत पाण्याची सोय झाली नाही तर गाव उठणार आणि गोदावरीकाठी नांदेडच्या बाजूला जाऊन पालं टाकणार, असं ठरलं आहे. धुरपतामाय जायला तयार नाहीत. त्यांच्या थोरल्या लेकीचं बाळंतपण बाहत्तरच्या दुष्काळात असंच वाटेत झालं होतं. लेक वाचली, मूल वाचलं नाही. हे त्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं. 

दंतकथा मात्र एकही मिळाली नाही. महादेवाचे पुजारी शिवप्पा गुरव म्हणाले, घसा कोरडा असला की गोष्ट सुचत नाही. मग त्यांनी विचारलं, गोष्टीच्या बदल्यात सरकार पाणी देतं का? मी समजावलं की असं काही नसतं. पण एखादी प्रथा दुर्मिळ असली, तिचा फोटो चांगला येण्यासारखा असला, तर समिती प्रात्यक्षिकाची सोय करते. मागच्या महिन्यात एका गावाला लेझमा दिल्या. शिवप्पांनी हे दोनदा विचारून घेतलं.

४ एप्रिल

कमाल झाली. शिवप्पांना रातोरात दंतकथा आठवली.

दुष्काळात महादेवाचा गाभारा पाण्यानं भरायचा. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं म्हणे. पिंड बुडाली की देवाच्या नाकातोंडात पाणी जातं, देव घुसमटतो आणि सुटका व्हावी म्हणून पाऊस पाडतो. देव कोंडायची ही रीत मी इतर गावांतूनही ऐकली आहे. पण इथं एक जास्तीची अट आहे. देव पुरता बुडेपर्यंत पाणी घालणं थांबवायचं नाही. मध्येच थांबलं तर तीन वर्षं कोरडी जातात.

मी विचारलं की पिंडीला नाक कुठं असतं.

"असतंय, गुरुजी. दिसत न्हाई."

शेवटचं कधी केलं होतं? त्यांच्या आजोबांच्या काळी, तेव्हा इतका पाऊस झाला की तहसीलदाराची घोडी वाहून गेली. मग यंदा का करत नाही? शिवप्पा हात जोडून म्हणाले, देव बुडवायला पाणी नको का? त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. पाण्यासाठी देव बुडवायचा आणि देव बुडवायला पाणी नाही. अंधश्रद्धेची गोची इतक्या नेमकेपणानं मी कुठं पाहिली नव्हती. सगळं लिहून साहेबांकडे पाठवलं, आणि प्रात्यक्षिकाची शिफारस करावी असंही सुचवलं.

१० एप्रिल

साहेब बेहद्द खूश. पाण्यात बुडालेल्या महादेवाचा फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलं आहे. प्यायला टँकर द्यायचा तर यादी लागते, सांस्कृतिक कार्यक्रमाला लागत नाही. समितीनं दर तिसऱ्या दिवशी एक टँकर मंजूर केला, देव बुडेपर्यंत. कागदावर शब्दशः तसंच लिहिलंय.

सरपंचांनी वाचून दाखवल्यावर म्हातारी माणसं रडली. श्रद्धा माणसाला किती हळवं करते. मला वाईट वाटलं.

१४ एप्रिल

आज जयंती आणि पाडवा एकाच दिवशी. वर गुढ्या, खाली आमचे निळे झेंडे, आणि मधल्या रस्त्यानं टँकर धूळ उडवत आला. देवळाच्या दारातून पाइप आत सोडला. मी अर्थातच बाहेर लिंबाखाली. सगळा टँकर रिकामा झाल्यावर शिवप्पा बाहेर आले आणि म्हणाले, देवाचे पाय भिजले. पाय कुठले, हे विचारायचं मी आता सोडून दिलंय.

नवल पुढंच आहे. दुपारी धुरपतामायच्या आडाला पाणी चढलं. चांगलं पुरुषभर. वस्तीतले लोक धावले, आणि मागोमाग वरच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. ज्यांच्या सासवा आमची सावली टाळत त्या बायका आमच्या आडाच्या कट्ट्यावर आमच्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून रहाट ओढत होत्या. मला भडभडून आलं. जयंतीच्या भाषणात मी म्हणालो की आज उमाटवाडीत चवदार तळ्याचं पाणी आलं आहे. टाळ्या पडल्या, पण निम्मे लोक पाणी भरायलाच गेले होते.

१६ एप्रिल

गाव उठायचं रद्द झालं. सिंधूनं आज पोटभर पाणी पिऊन ओटीवर झोप काढली. धुरपतामाय तिच्याकडे बघत बसल्या होत्या.

२५ एप्रिल

चौथा टँकर येऊन गेला. देव अजून गुडघाभर पाण्यात.

मी विज्ञानाच्या बाजूनं विचार करतोय. गाभारा केवढा असावा? बाहेरून देऊळ तर दोन खणांचं. शिवप्पा म्हणतात आत देवाला उष्णता फार, पाणी लगेच आटतं. हे मला पटत नाही. एवढं पाणी आटायला देव नव्हे, भट्टी पाहिजे.

आडाचं पाणी मात्र वाढतं आहे, विशेषतः टँकर येतो त्या दिवशी. माझा अंदाज असा की एवढी जड गाडी गावातून गेल्यानं जमिनीवर दाब पडतो आणि खोलातले झरे वर येतात. हे कुठंतरी लिहून पाठवायला हवं.

आज घागरीत बेलाची दोन पानं निघाली. वस्तीत बेलाचं झाड नाही. दुपारी वावटळ उठली होती, तिच्यातून आली असणार.

२ मे

फोटोग्राफर माणिकप्पा आले. अहमदपूरला त्यांचा स्टुडिओ आहे, स्वभाव चिडका. देव बुडाला की नाही, मला आत्ताच्या आत्ता फोटो काढू द्या म्हणाले. शिवप्पांनी त्यांचा जुना कॅमेरा हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला. कॅमेऱ्याचा भाता चामड्याचा, पिशवी चामड्याची. चामडं घेऊन गाभाऱ्यात जाता येत नाही. माणिकप्पा म्हणाले, मग दारातून काढतो. तर दाराला पडदा. देव घुसमटत असताना त्याचं तोंड कोणी बघू नये अशी रीत आहे. बुडाल्यावर पडदा काढणार.

मग माणिकप्पांनी लिंबाखाली चहा घेत सगळ्या गावाचे फोटो काढले. धुरपतामायचा आडाजवळ काढला, हातात पोहरा, मागं वरच्या आळीतल्या बायकांची रांग. काढताना ते नुसतेच हसत होते. त्यांना काय गंमत वाटली ते कळलं नाही.

९ मे

परवा मला उलगडा झाला. देवळाच्या फरशीला तडे गेले असणार. जुनं बांधकाम, पाणी झिरपून वाया जातं. आठ टँकर पाणी, या दुष्काळात, मातीत. त्या रात्री मला डोळा लागला नाही. साहेबांकडून परमिट मिळवून अर्धं पोतं सिमेंट आणलं आणि आज सकाळी पारावर सांगितलं की उद्या गवंडी येतो, फरशी बंद करून टाकू, दोन टँकरात देव बुडेल, फोटो निघेल, काम फत्ते.

मला वाटलं लोक आनंदतील.  सरपंच उठून घरी गेले. शिवप्पा म्हणाले, गवंडी परजातीचा, त्याला आत घेता येणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग सिमेंट मी भरतो, एवढं मला येतं. प्रतिज्ञा एकीकडे आणि गावाचं पाणी एकीकडे. पाण्यासाठी बाबासाहेबांनी मला नक्की माफ केलं असतं.

शिवप्पांनी तोंडावर उपरणं धरलं. म्हणाले, "तुमालाबी न्हाई येता येणार, गुरुजी."

एवढ्या दिवसांत मला इथं कोणी कमी लेखलं नव्हतं. कानशिलं तापली. मी विचारलं, म्हणजे मी कोण म्हणून? शिवप्पा देवळाकडे निघाले.  उद्या सकाळी मी त्या देवळात जाणार आणि आडवा येणाऱ्यावर नागरी हक्क कायद्याखाली फिर्याद करणार, असं पारावर सगळ्यांसमोर सांगून निघून आलो. 

१० मे

आजचा दिवस जन्मभर विसरणार नाही.

सकाळी अंघोळ न करताच (पाणी वाया जाऊ नये म्हणून) सिमेंटची पाटी घेऊन देवळासमोर गेलो. सगळं गाव जमलेलं. वरची आळी, आमची वस्ती, लेकुरवाळ्या बायका, अवघडलेली सिंधूसुद्धा. दारात शिवप्पा, हात पसरून, चेहरा मेल्यासारखा. आमच्या वस्तीतली माणसं माझ्या मागं उभी राहतील असं मला वाटलं होतं. ती शिवप्पांच्या बाजूला उभी होती. हे मला सगळ्यात लागलं.

धुरपतामाय पुढं आल्या. म्हणाल्या, आत जाऊन काय बघणार, दगडच ना? मी म्हटलं, माय, दगडाचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. तुम्ही तरी हे समजून घ्यायला हवं होतं.

"हाव, हक्क हाय," त्या म्हणाल्या. "मग खिशात ठेव की बाबा. सगळे हक्क एकाच दिशी खर्चायचे असत्यात का?"

मी ऐकलं नाही. शिवप्पांना शेवटचं विचारलं, बाजूला होता की नाही? त्यांनी धुरपतामायकडे पाहिलं. धुरपतामायनी मान डोलावली. शिवप्पा पायरीवरून उतरले, मला हात जोडले, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "या गुरुजी. तुमाला कुनी अडवू शकत न्हाई. देऊळ तुमचंबी हाय."

 माझ्या बापाला या देवळाच्या सावलीत उभं राहू दिलं नसतं, आणि आज गुरव मला हात जोडून आत बोलावत होता. डोळे भरून आले. मी पायरीपाशी गेलो. एक पाय उचलला.

आणि थांबलो. हक्क सिद्ध झाला होता. ज्याला अडवत होते तो आत जातो, ज्याला बोलावतात त्याला जायची गरज काय? देवाला मी मानत नाही, देवळाची पायरी चढणार नाही असा शब्द दिलेला. मी पाय मागं घेतला आणि तिथंच सांगितलं की मी आत येऊ शकतो, हे तुम्ही सगळ्यांनी मान्य केलंत, बस. आता मी येत नाही.

मग जे झालं ते लिहिताना अजून गहिवरतोय. सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला. सरपंचांनी मला मिठी मारली. वरच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी माझी दृष्ट काढली. शिवप्पा पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. शेकडो वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस असाच रडत असेल.

सिमेंट धुरपतामायनी मागून घेतलं. आडाचा कट्टा फुटलाय, पाणी सांडतं. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो बांधला.

२० मे

आनंद टिकत नाही. साहेबांचा निरोप आलाय. स्मरणिका छापायला जायची वेळ आली, मुखपृष्ठ रिकामं, आणि देव पितो किती? सोमवारी ते स्वतः येणार. गाभारा डोळ्यांनी बघणार. पाणी कुठं मुरत असेल तर टँकर बंद, आणि मुखपृष्ठावर ती सरकती धोंड.

गावात सुतकी कळा. सिंधूचे दिवस भरत आलेत. धुरपतामायनी तिचं गाठोडं बांधून ठेवलंय. पाऊस अजून तीन आठवडे तरी दूर. मी त्यांना म्हटलं की साहेब सुशिक्षित आहेत, मी त्यांना समजावेन. त्यांनी विचारलं, साहेब देवधर्म पाळतात का? मी म्हटलं, फार. सोवळ्याशिवाय देवाला हात लावत नाहीत. अंघोळ करून पूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. त्यांनी लगेच गाठोडं सोडायला घेतलं. म्हाताऱ्या माणसांचं मन घडीघडी बदलतं.

२३ मे

साहेब माणिकप्पांना घेऊन जीपनं आले. धुळीनं माखलेले. देवळापुढं चपला काढल्या, पदर असता तर तोही खोचला असता, अशा तयारीनं पायरीपाशी गेले. आधी शिवप्पांना विचारलं, तीर्थाची मोरी बुजवली होती ना? शिवप्पा म्हणाले, पहिल्याच दिवशी, लिंपून टाकली. ही मोरी काय भानगड आहे मला माहीत नाही. देवळातली भाषा वेगळीच असते.

साहेब पडद्याला हात घालणार इतक्यात शिवप्पा नम्रपणे म्हणाले की देव पाण्यात आहे, प्रवासाच्या अंगानं गाभाऱ्यात जाता येत नाही, आपल्याला सांगायला नको. साहेब म्हणाले, बरोबर आहे, अंघोळीला पाणी काढा. जणू सांगूनच ठेवल्यासारखी एक बादली हजर झाली. तांब्या, पाट, नवा पंचा. पाणी नितळ, गार.

साहेबांनी बाही सारली आणि सहज विचारलं, पाणी कुठलं?

"धुरपतामायच्या आडाचं," शिवप्पा म्हणाले. "गावात दुसरं पानीच न्हाई, साहेब."

साहेबांचा हात तांब्यावर होता तो तिथंच राहिला. त्यांनी वर देवळाकडे पाहिलं, खाली आमच्या वस्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले की कालपासून अंगात कसर आहे, थंड पाणी सोसणार नाही. कोणीतरी म्हणालं तापवून देतो. तर डॉक्टरांनी पाण्यालाच मनाई केली आहे.

मला सगळं कळलं.  तरी म्हणालो, साहेब, पाणी चांगलं आहे, मी दीड महिना हेच पितो आहे. साहेब म्हणाले, तुम्ही पिता हो. एवढंच. बाही खाली घेतली. धुरपतामाय समोर उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा बघायचं मला धैर्य झालं नाही.

मग साहेब मला म्हणाले, वाघमारे, तुम्ही आत जाऊन बघून या. मी ताठ उभा राहिलो आणि सांगितलं की मी देवळात जात नाही. नोकरी गेली तरी चालेल. ते म्हणाले, माणिकप्पांना पाठवा. माणिकप्पांचा कॅमेरा चामड्याचा, आणि ते स्वतःही चहा झाल्याशिवाय उठायला तयार नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, मी टँकरवाल्यांचा भाऊ, माझ्या साक्षीला काय किंमत.

शेवटी साहेबांनी पायरीवरूनच हाक दिली. शिवप्पा पडद्याआड गेले. आतून आवाज आला की दोन बोटं राहिली आहेत.

दोन बोटांसाठी प्रथा मोडणं समितीला शोभणार नाही, असं साहेब म्हणाले. पाऊस लागेपर्यंत टँकर चालू. मुखपृष्ठावर माणिकप्पांनी काढलेला तो आडाचा फोटो घ्यायचं ठरलं, खाली ओळ 'एकोप्याचं गाव'. साहेबांनी स्वतः सुचवली. परतीला मी जीपमध्ये साहेबांकडे पाठ करून पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो.

११ जून

तालुक्याचं काम उरकून आज परत उमाटवाडीला आलो. सिंधूला काल मुलगी झाली. घरातच, ओटीमागच्या खोलीत. दोघी खुशाल. बाळाला न्हाऊ घालायला वरच्या आळीतल्या सुईणबाई आल्या होत्या, आणि घमेलंभर पाणी नुसतं बाळाच्या अंगावरून वाहून गेलं, कोणी हिशेब केला नाही. आभाळ भरून येतं, पण पाऊस अजून नाही. टँकर कालच येऊन गेला. देव बुडायला अजून दोन बोटं बाकी आहेत.

मी धुरपतामायना बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशीचं माझ्या मनातून जात नाही. बिरादार साहेबांवर मी तक्रार करणार आहे. आमच्या आडाचं पाणी त्यांनी नाकारलं, चारचौघांत. तुम्ही साक्ष द्याल का?

त्या तान्हीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "देते की. पाऊस पडू दे, मग म्या सवता तुझ्यासंगं लातूरला येते. त्याच्या तोंडावर सांगते. पर पावसाआधी न्हाई."

मी म्हटलं, अन्यायाला पावसाची वाट कशाला? त्या हसल्या. दात नसलेलं हसू, तान्हीसारखंच.

"तू आत जाणार न्हाईस, ह्ये आमाला ठावं व्हतं. त्यो आंघोळ करणार न्हाई, ह्येबी ठावं व्हतं. तुमा दोघाच्या भरवशावर गाव जगून राह्यलंय, लेकरा."

मला फार राग आला. मी आणि तो माणूस, एका पंगतीत? मी तत्त्वासाठी आत गेलो नाही, त्यानं विटाळासाठी अंघोळ केली नाही. हे दोन्ही एकच कसं? भरवसा कसला, ते नीट सांगा, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. बाळ दचकलं.

धुरपतामायनी तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, पाणी पी. मी रागातच प्यालो. चांगलं गार होतं. मग त्यांनी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि आडाकडे गेल्या, कारण रांग वाढली होती.